चिमटा

डॉक्टर एवान्हेलिस्तांनी टेबलावर एक पट्टी ठेवली.
सिलिकॉनची, पांढरी, गुळगुळीत,
आइस्क्रीमच्या लाकडी चमच्याएवढी.
दुसरी गोष्ट ठेवता येत नव्हती,
म्हणून पेनचं टोक माझ्या उजव्या छातीखाली
हवेतच टेकवत म्हणाले,
"इथून. सहावी किंवा सातवी."

पट्टी तासाभरात बसते. स्वस्त.
नको झाली तर काढता येते.
कधी सरकते. कधी वर्षांनी शेंडा लाल होतो,
कातडी पातळ असली तर उन्हात कड दिसते.
(रोवेनाची दिसते. माझी मावसबहीण,
हल्ली प्रत्येक फोटोत पेला तोंडाशी धरते.)
बरगडीला चार तास, दुप्पट पैसे, दोन इंचांचा व्रण.
"आणि कूर्चा वाकू शकते.
जन्मभर फुप्फुसाभोवती वळून राहिलेली असते ती.
सरळ कापली तरी तिला ते आठवतं."

हे एकच वाक्य मांडीवर घेऊन
मी मनिलाहून दागुपानला आले, बसमध्ये सहा तास.
पट्टी खिशात. नमुना आहे, म्हणाले, घरी दाखवा.

आई टेबलापाशीच होती.
कपाळावर दिवा, हातात चिमटा,
पुढ्यात पाठीतून उघडलेला बांगुस.
एका माशात दोनशेच्या वर काटे.
एकेक उपसायचा, मांस न फाडता,
मग तो मासा बिनकाट्याचा म्हणून
थंड पेटीत बसून परदेशी जातो.

याच बोटांनी ती रोज सकाळी
माझ्या नाकाचा दांडा चिमटीत धरून वर ओढायची.
गल्लीतल्या सगळ्याच आया ओढायच्या,
आपापल्या तान्ह्या बाळांचा, अंघोळीआधी.
पांगो म्हणतात आमच्याकडे. नकटी.
माझं नाक ओढलं गेलं नाही.
ते बाबांचं होतं.

बाबा जहाजावर. व्हिडिओ कॉल लागला
की आधी त्यांचं नाकच यायचं पडद्यावर,
रुंद, घामेजलेलं, डावीकडे किंचित वळलेलं.
तरुणपणी कुठल्याशा बंदरात लोखंडी दार लागलेलं.
ऑफिसात मैत्रिणी जवळ असल्या
की मी फोन उलटा करायची,
म्हणायची, रेंज नाही, नुसतं बोला.
ते नुसतं बोलायचे.

मार्चमध्ये कॉलऐवजी कंपनीचं पत्र आलं.
ऑपरेशनचे पैसे त्या पत्रातले आहेत.
हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.
आईला सांगावं लागत नाही.

तिनं हातमोजा काढला, पट्टी घेतली,
स्वतःच्या नाकावर धरून खिडकीच्या काचेत पाहिलं.
"गार आहे," म्हणाली. आणि हसली,
मार्चनंतर पहिल्यांदा, पट्टी नाकावरच धरून.

मी बरगडीचं सांगितलं. आठवणीचं सांगितलं.
तिनं चिमट्यानं एक काटा उचलून दिव्याखाली धरला,
केसासारखा, ओला.
"सरळ काटा मी अजून पाहिला नाही," म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही,
नुसता बशीत काटे पडल्याचा बारीक आवाज.
मग, "किती दुखेल?"
"नाक, की बरगडी?"
"तुला विचारतेय."

रात्री कुशीवर झोपून मी मोजत होते.
चौथी, पाचवी. सहावीपाशी बोट थांबलं.
श्वास घेतला की ती बोटाला वर ढकलायची,
कुणी आतून दार लोटावं तशी,
सोडला की परत आपल्या वळणावर.

दोन वाजता क्लिनिकला मेसेज टाकला:
बरगडी.
आणि त्याखाली, पाठवू नये असं वाटत असतानाच:
वाकली, तर कुठल्या बाजूला
हे आधी सांगता येतं का?

उत्तर अजून नाही.

आईच्या टेबलाचा एक पाय
कित्येक वर्षं डगमगायचा.
सकाळी चहा ठेवला, तर सांडला नाही.
खाली वाकून पाहिलं.
पांढरी पट्टी, घडी घालून,
नेमकी बसलेली.